कॉकपिटात धूर भरल्यावर दुसरा माणूस कोठून आणणार?



मथळा वाचून अनेकांना वाटेल, विमानाचा आणि आपला काय संबंध? आपले आयुष्य रुळांवर आणि टपालाच्या थैल्यांत गेले. विमानात बसण्याचा योग आपल्यापैकी किती जणांना आला असेल, ते बोटांवर मोजता येईल. पण मालक मंडळींचा हिशेब जमिनीवर एक आणि आकाशात दुसरा असा नसतो. "एका माणसात भागते, तिथे दोन कशाला?" हा प्रश्न इंजिनाच्या कॅबमध्ये विचारला जातो, सॉर्टिंगच्या टेबलापाशी विचारला जातो आणि आता तो विमानाच्या कॉकपिटमध्येही विचारला जात आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

पूर्वी मोठ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये तीन माणसे असत. कॅप्टन, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनीअर. १९८१ साली अमेरिकेत अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने दोन माणसे पुरेशी आहेत असा कौल दिला आणि त्यानंतरच्या नव्या विमानांतून तिसरी खुर्ची हळूहळू नाहीशी झाली. आता डोळा दुसऱ्या खुर्चीवर आहे. लांबच्या उड्डाणात आज जादा वैमानिक असतात. ते पाळीपाळीने झोपतात, पण दोन खुर्च्या भरलेल्या असतात. नवा बेत असा की, विमान वर जाऊन स्थिर झाले की एकाने खुर्चीत बसावे आणि दुसऱ्याने मागे जाऊन झोपावे. म्हणजे जादा माणूस नको. पुढची पायरी कोणती, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या बेताचे समर्थक म्हणतात की यंत्रे आता इतकी सुधारली आहेत की सुरळीत उड्डाणात दुसऱ्या माणसाला कामच उरत नाही. आम्ही म्हणतो, सुरळीत उड्डाणाचे दाखले आम्हाला देऊ नका. सुरळीत दिवशी गार्डाशिवायही गाडी पोहोचते आणि गेटमनशिवायही फाटक ओलांडता येते. माणूस लागतो तो वाईट दिवशी. विमानातला सर्वात वाईट दिवस कोणता, तर कॉकपिटात धूर भरण्याचा. त्या दिवशी काय होते, ते एकदा नीट पाहू.

गाडीत धूर दिसला तर आपल्याकडे काय काय आहे? स्टेशनवरून गाडी जाताना पॉइंट्समन उभा राहून गाडी न्याहाळतो, ऑल राइट सिग्नलची देवाणघेवाण होते. हॉट ॲक्सल दिसला, ब्रेक बाइंडिंगचा धूर दिसला, तर लाल बावटा दाखवून गाडी थांबवता येते. प्रवाशाच्या हाताशी साखळी आहे. ड्रायव्हरच्या शेजारी असिस्टंट आहे. गाडी थांबली की पाय जमिनीला लागतात. तेहतीस हजार फुटांवर यातले काहीही नाही. थांबता येत नाही, बाहेर डोकावता येत नाही, खिडकी उघडून धूर काढता येत नाही. बावटा दाखवणारा बाहेर कोणी नाही. जे करायचे ते त्या छोट्या खोलीतल्या माणसांनीच करायचे.

काय करायचे, तेही ठरलेले आहे. पहिले काम म्हणजे ऑक्सिजनचा मुखवटा चढवणे आणि डोळ्यांवर गॉगल घालणे, कारण जळणाऱ्या प्लॅस्टिकचा आणि तारांचा धूर दोन-चार श्वासांत माणसाला लुळा करतो. मग मुखवट्यातल्या माइकवरून एकमेकांचा आवाज ऐकू येतो ना, ते तपासायचे. मग कामाची वाटणी करायची: एकाने फक्त विमान उडवायचे, दुसऱ्याने चेकलिस्ट उघडून एकेक कलम करत धुराचे मूळ शोधायचे. विजेचा कोणता फाटा बंद करायचा, हवेचा कोणता पंखा बंद करायचा, त्यातून काय फरक पडला, ते पाहायचे. त्याच वेळी जवळचा विमानतळ निवडायचा, कंट्रोलशी बोलायचे, केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना कळवायचे आणि विमान खाली आणायचे. हे सारे मुखवट्याआडून, धुरात वाकून, आणि केव्हा काय बंद पडेल याचा भरवसा नसताना. या कामांची यादी वाचून कोणीही सांगावे, हे एका माणसाचे काम आहे काय?

वेळ किती मिळतो? कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९६७ ते १९९८ या काळातल्या उड्डाणातील आगीच्या १५ घटना तपासल्या. आग कळल्यापासून विमान पडेपर्यंतचा काळ ५ ते ३५ मिनिटांचा निघाला. आपल्याकडे एखादी लोकल दादरहून ठाण्याला पोहोचायलाही साधारण तेवढाच वेळ घेते.

ही तपासणी ज्या अपघातामुळे झाली, तो स्विसएअर १११ चा. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री हे एमडी-११ विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले. विमानात २२९ माणसे होती. निघाल्यावर सुमारे ५३ मिनिटांनी कॉकपिटमध्ये वेगळाच वास आला. प्रथम तो वातानुकूलन यंत्रणेचा वाटला. साडेतीन मिनिटांनी त्यांनी कंट्रोलला 'पॅन पॅन' असा तातडीचा संदेश दिला आणि विमान हॅलिफॅक्सकडे वळवले. विमानात इंधन जास्त होते, उतरण्यासाठी ठरलेल्या वजनापेक्षा विमान जड होते, म्हणून इंधन समुद्रावर सोडण्यासाठी त्यांनी वळण घेतले. एक वैमानिक विमान सांभाळत होता, दुसरा चेकलिस्ट पाहत होता. वास आल्यापासून पंधराव्या मिनिटाला रेकॉर्डर बंद पडले. सुमारे २१ व्या मिनिटाला विमान नोव्हा स्कोशियाच्या पेगीज कोव्हजवळ समुद्रात कोसळले. एकही जीव वाचला नाही.

चौकशी चार वर्षांहून अधिक चालली आणि मार्च २००३ मध्ये अहवाल आला. त्या अहवालात काय आहे, हे प्रत्येक कामगाराने ऐकावे असे आहे. अज्ञात धुराची ती चेकलिस्ट पूर्ण करायलाच २० ते ३० मिनिटे लागली असती! म्हणजे औषध पोटात जाण्याआधी रोगी जाणार, अशी व्यवस्था कागदावरच करून ठेवलेली होती. त्या यादीप्रमाणे केबिनचा वीजपुरवठा बंद करताच मागचे पंखे थांबले, हवेची दिशा उलटली आणि छतातली आग कॉकपिटकडे ओढली गेली. आग लागली त्या जागी धूर ओळखणारे यंत्रच नव्हते. प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेच्या तारा अशा जोडलेल्या होत्या की केबिनचा स्विच बंद करूनही तिची वीज बंद होत नव्हती. आणि ज्याने पेट घेतला ते काय होते? भिंतीआड आणि छतात बसवलेले चकचकीत मुलामा दिलेले प्लॅस्टिकचे आवरण. ते त्या वेळच्या सरकारी चाचणीत पास झालेले होते! विमान बनवणाऱ्या कंपनीने १९९७ मध्येच ते काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. पण तो सल्ला होता, सक्ती नव्हती. सक्तीचा हुकूम अमेरिकेत २००० साली निघाला. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच लोकांसाठी केली असावी.

अहवालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. वास आल्याबरोबर त्यांनी थेट हॅलिफॅक्सची वाट धरली असती, तरी सुखरूप उतरण्याइतका वेळ त्यांना मिळाला नसता. म्हणजे त्या दोघांच्या हाती उपायच नव्हता. त्यांचा निकाल कारखान्यात, हिशेबाच्या वहीत आणि नियमांच्या पुस्तकात आधीच लागलेला होता.

येथे विरोधक म्हणतील, "पाहा, दोन माणसे असूनही विमान पडले. मग दोघांचा उपयोग काय?" हा युक्तिवाद म्हणजे दोन पंपांनी आग विझली नाही म्हणून एक पंप विकून टाकण्यासारखा आहे. दोघांना जे काम वेळेत उरकत नव्हते, ते एकाला कसे उरकणार, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

दुसरे उदाहरण घ्या. ५ सप्टेंबर १९९६ ला फेडएक्सच्या १४०६ क्रमांकाच्या मालवाहू डीसी-१० विमानात तेहतीस हजार फुटांवर धुराची सूचना मिळाली. कॉकपिटमध्ये तेव्हा तीन माणसे होती. को-पायलट विमान उडवत होता, फ्लाइट इंजिनीअर चेकलिस्टवर होता, कॅप्टन बाकीचे पाहत होता. सुमारे १८ मिनिटांत विमान न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गला उतरले. विमान जमिनीवर जळून गेले, पण आतली पाचही माणसे वाचली. त्यांच्या कामातही चौकशीने उणिवा काढल्या. काढू द्या. माणसे घरी गेली, हे महत्त्वाचे.

तिसरे उदाहरण, ज्याने आमच्या मते हा वाद मिटायला हवा. ३ सप्टेंबर २०१० ला यूपीएस कंपनीचे ६ क्रमांकाचे ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीला निघाले. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. उड्डाणानंतर २० मिनिटे उलटली तोच आगीची घंटा वाजली. विमान दुबईकडे परत वळवले. काही मिनिटांतच कॅप्टनच्या मुखवट्यातला ऑक्सिजन बंद पडला. तो दुसरा मुखवटा शोधायला खुर्चीतून उठला, तो परत आलाच नाही. त्यानंतर सुमारे २० मिनिटे को-पायलट एकटा होता. धूर इतका की समोरची घड्याळे दिसत नाहीत, रेडिओचा आकडा बदलता येत नाही. आसपासची विमाने त्याचे बोलणे कंट्रोलला आणि कंट्रोलचे बोलणे त्याला पोहोचवत होती. उंची किती, वेग किती, हे तो दुसऱ्यांना विचारत होता. विमान दुबईच्या विमानतळावरून पुढे गेले आणि कोसळले. दोघेही गेले.

एक माणूस कॉकपिटात म्हणजे काय, याचा प्रयोग त्या दिवशी झाला आहे. तो पुन्हा तीनशे प्रवासी मागे बसवून करून पाहायचा आहे काय? आणि त्या दिवशी खुर्चीत एकटा बसलेला माणूसच ऑक्सिजनविना राहिला असता, तर त्या २० मिनिटांत विमान कोणाच्या हातात असते?

"पण माणूसच चुका करतो," हा पुढचा मुद्दा. त्यासाठी केगवर्थचे नाव घेतले जाते. ८ जानेवारी १९८९ ला लंडनहून बेलफास्टला जाणाऱ्या ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनाचे पाते तुटले. कॉकपिटात धूर आणि वास आला. वैमानिकांनी उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. १२६ जणांपैकी ४७ मेले. दोघा वैमानिकांना नोकरीतून काढण्यात आले आणि "मानवी चूक" असा शिक्का बसला. हा शिक्का आपल्याला नवा नाही. रेल्वेत कोठेही अपघात झाला की चौकशी सुरू व्हायच्या आत ड्रायव्हर नाहीतर स्टेशन मास्तर सस्पेंड होतो.

पण शिक्क्याखाली काय दडले होते? विमान नव्या नमुन्याचे होते आणि त्या नमुन्याचा सिम्युलेटर त्या देशात नव्हता. कॉकपिटची हवा उजव्या बाजूने येते, हा त्यांचा समज जुन्या विमानांवरून झालेला होता. नव्यात तशी स्थिती नव्हती. इंजिनाची थरथर दाखवणारे घड्याळ लहान आणि सहज नजरेत न भरणारे होते. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे मागे बसलेल्या प्रवाशांनी व काही केबिन कर्मचाऱ्यांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कॅप्टनने माइकवरून उजवे इंजिन म्हटले, तरी पुढे जाऊन "साहेब, डावे आहे" असे सांगणारे कोणी निघाले नाही. खालच्याने वरच्याला बोलायचे नसते, ही शिस्त तिथेही मुरलेली! यावरचा उपाय माणूस कमी करणे हा नाही. माणसाला शिकवणे, त्याला बोलू देणे आणि त्याचे ऐकणे, हा उपाय आहे. चौकशीनेही कॉकपिट आणि केबिन यांच्या एकत्रित प्रशिक्षणाची शिफारस केली.

शेवटचा मुद्दा खर्चाचा. तो ते मोठ्याने बोलत नाहीत, पण खरा तोच आहे. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेट ५९२ हे विमान मायामीहून निघाले. गडबडीची पहिली चाहूल लागल्यापासून चार मिनिटांच्या आत ते दलदलीत कोसळले आणि ११० माणसे मेली. सामानाच्या कप्प्यात जुने ऑक्सिजन जनरेटर भरलेले होते. देखभालीचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेले, बरेच कामगार तात्पुरत्या भरतीचे, उशीर झाला तर दंडाची टांगती तलवार. जनरेटरला लावायच्या सुरक्षा टोप्या भांडारात नव्हत्या, तरी टोप्या लावल्याच्या कागदावर सह्या झाल्या. मालाच्या पाठवणीच्या कागदावर "रिकामे" असे लिहिले गेले. त्या कप्प्यात धूर ओळखणारे आणि आग विझवणारे यंत्र बसवा, ही शिफारस १९८८ च्या एका आगीनंतरच झाली होती. सरकारी खात्याने ती खर्चाच्या कारणाने नाकारली. ११० माणसे मेल्यावर, १९९८ मध्ये, तोच नियम झाला. खटला कोणावर झाला? कंत्राटदार कंपनीबरोबर तिच्या देखभाल प्रमुखावर आणि दोन मेकॅनिकांवर. शिफारस नाकारणाऱ्यांपैकी कोणी पिंजऱ्यात उभा राहिला नाही. कोर्टात हजर राहिलेल्या दोघांना १९९९ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडले, एवढाच न्याय.

आपल्या देशातही धूर नवा नाही. २ जुलै २०२२ ला दिल्लीहून जबलपूरला निघालेले स्पाइसजेटचे विमान केबिनमध्ये धूर झाल्याने परत फिरले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या त्याच कंपनीच्या विमानात धूर भरला. इंजिनातले तेल हवेच्या यंत्रणेत शिरल्याचे प्राथमिक तपासात आढळले. दोन्ही वेळा कर्मचाऱ्यांनी विमान सुखरूप उतरवले, त्यांचे अभिनंदन. पण त्याआधी जुलैच्या नोटिशीत विमान वाहतूक महासंचालनालयाने काय म्हटले होते? पुरवठादारांचे पैसे वेळेवर न दिल्याने सुट्या भागांची टंचाई. धुराची सुरुवात कोठून होते, हे यावरून समजावे. ती तारेत होत नाही, थकलेल्या बिलात होते.

आता टपाल खात्यातल्या बंधूंना एक शब्द. दुबईच्या विमानातल्या बॅटऱ्यांपैकी किमान तीन खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर व्हायला हव्या होत्या. त्या तशा जाहीर झाल्या नव्हत्या. व्हॅल्यूजेटची खोकी "रिकामी" म्हणून चढली. आपल्या पार्सल काउंटरवरून जाणारे खोके उद्या प्रवासी विमानाच्या पोटात असते. आत काय आहे, हे विचारणारा काउंटरवरचा कारकून हा त्या कॉकपिटचा पहिला पहारेकरी आहे. रांग दाराबाहेर गेलेली, शेजारची खिडकी माणसाअभावी बंद, आणि वर टार्गेटचा तगादा. अशा वेळी तो किती वेळ विचारणार? तेथील माणूस कमी करणे आणि कॉकपिटातला माणूस कमी करणे ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

यावर कोणी म्हणेल, मग काय करता येते? पुष्कळ करता येते, आणि ते संघटनांनी करून दाखवले आहे. स्विसएअरनंतर २००५ मध्ये धुराच्या चेकलिस्टचा नवा नमुना तयार झाला, तो वैमानिकांच्या संघटनांना बरोबर बसवून. विमान लवकर खाली नेण्याचा विचार त्यात सुरुवातीलाच आला. दुबईनंतर यूपीएसच्या वैमानिक संघटनेने कंपनीशी संयुक्त समिती केली. त्यातून चेहरा पूर्ण झाकणारे, झटकन चढवता येणारे मुखवटे आले आणि धुरातून घड्याळे व समोरची काच दिसावी यासाठी हवेने फुगणारी पारदर्शक पिशवी आली. लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आली, त्यामागेही वैमानिक संघटनांचा रेटा होता. आणि एका वैमानिकाच्या बेताबाबत युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेला २०२५ मध्ये म्हणावे लागले की, आजच्या कॉकपिटमध्ये दोन माणसांइतकी सुरक्षितता एका माणसाने मिळेल असे सिद्ध करता येत नाही. हा आपल्या बाजूचा कौल आहे. पण बेत मागे घेतलेला नाही, फक्त पुढे ढकललेला आहे. म्हणून गाफील राहून चालणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे:

१) कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या सर्व काळात दोन वैमानिक खुर्चीत असलेच पाहिजेत. आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय बैठकीत हीच भूमिका घ्यावी.

२) धुराचे प्रशिक्षण मुखवटा चढवून, प्रत्यक्ष धुरासारख्या स्थितीत आणि केबिन कर्मचाऱ्यांसह व्हावे. कागदावर सह्या घेऊन नव्हे.

३) विमान देखभालीचे काम तात्पुरत्या कंत्राटावर टाकणे बंद करावे. भाग नसेल तर "भाग नाही" असे लिहिणाऱ्या कामगाराला संरक्षण मिळावे.

४) पार्सल काउंटरवर पुरेशी माणसे आणि धोकादायक मालाचे शिक्षण द्यावे.

५) प्रत्येक चौकशीत शेवटच्या माणसाच्या चुकीबरोबर पहिल्या निर्णयाचीही चौकशी व्हावी, आणि चौकशीत कामगारांचा प्रतिनिधी असावा.

बंधूंनो, वैमानिकाचा पगार मोठा, गणवेश झगझगीत, म्हणून तो आपल्यातला नाही असे समजू नका. धुरात मुखवटा चढवून बसलेला माणूस आणि धुक्यात सिग्नल शोधणारा आपला ड्रायव्हर यांच्यात पगाराच्या कागदापलीकडे काही फरक नाही. दोघांच्याही मागे शेकडो माणसे झोपलेली असतात. दोघांच्याही शेजारची खुर्ची हिशेबनीसाच्या डोळ्यांत सलते आहे. ज्या दिवशी विमानातली ती खुर्ची रिकामी होईल, त्या दिवशी आपल्या कॅबमधल्या असिस्टंटविरुद्ध त्यांना मोठा दाखला मिळेल. म्हणून ही लढाई आजच, त्यांच्या बरोबरीने लढली पाहिजे. येत्या शाखा सभेत हा विषय घ्या, ठराव करा आणि महासंघाकडे पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!